सोनूबाईचं लंगडं मांजर

सोनूबाईचा नेम आमच्या पाड्यात प्रसिद्ध आहे. वाळत घातलेल्या मासळीवर बसलेला कावळा ती तीस पावलांवरून टिपू शकते. लहानपणी आम्ही एकाच शाळेत होतो. चिंचा काढायला आम्ही मुलगे झाडावर चढायचो, ही खाली उभी राहून दगडाने पाडायची आणि आम्ही उतरेपर्यंत वेचून घरी गेलेली असायची. एकदा तिच्या दगडाने एसटीची काच फुटली. "दगड सरळ चालला होता, गाडी मधी आली," असं तिने कंडक्टरला सांगितलं आणि त्याने ते मानलं. मी तिथे होतो. ती सांगत होती तेव्हा तिच्या हातात दुसरा दगड होता.

तर सोनूबाईच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. बोंबलाला बुरशी धरली तर वारा फिरलेला असतो. भात करपला तर पातेलं पातळ असतं. मुलाच्या लग्नाला तिने जावेला बोलावणं पाठवलं नाही, तेव्हा त्या जावेनेच घर बदलून घोटाळा केला होता, आणि घर बदलून तिला अकरा वर्षं झाली होती. डहाणूहून रोज एसटीने तलासरीला जाऊन तिथल्या कचेरीत मी सव्वीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे मला या गोष्टीचं नवल वाटत नाही. आमच्या कचेरीतही कधी कोणाची चूक झाली नाही. फायली आपोआप गहाळ व्हायच्या.

सोनूबाईचा नवरा वारल्याला सात वर्षं झाली. मुलगा प्रविण बोटीवर जातो. सून किंजल उंबरगावची, म्हणजे हद्दीपलीकडच्या गुजरातची, पण आमच्याच समाजातली. घरात माणसं तीन आणि जनावरं त्याहून जास्त. बायजा नावाची एक म्हातारी मांजर, जिने गेल्या चार वर्षांत उंदराकडे मान वळवून पाहिलेलं नाही. मुकादम नावाचा कुत्रा, जो दिवसभर मासळी सुकवायच्या खळ्यावर बसून इतरांचं काम बघतो, म्हणून मुकादम. एक खडूस कोंबडी. आणि फ्रिजवर काचेच्या टाकीत चार रंगीत मासे, किंजलने हौसेने आणलेले. ज्या घरात वर्षाला शेकडो किलो मासळी सुकते, त्या घरात चार माशांना वेळेवर खाऊ मिळतो की नाही यावरून सासू-सुनेची बोलणी होतात. हे मी माझ्या ओट्यावर बसून ऐकलेलं आहे.

माझा ओटा सोनूबाईच्या खळ्यासमोर आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथे पेपर वाचतो. पेपर वाचून होतो अर्ध्या तासात, बाकीचा वेळ तो धरून बसतो.

आता बोंबलाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांच्या जबड्यात अडकवायची आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या मांडवाच्या दोरीवर टाकायची. एक अलीकडे, एक पलीकडे. दोघं एकमेकांच्या आधाराने लोंबतात आणि वाऱ्यावर वाळतात. आमच्या आज्यांनी असंच केलं, आम्हीही तसंच करतो. यात गोम एकच आहे. एक बोंबील ओढला की दुसरा पलीकडे पडतो.

जुन्या, उपड्या होडीखाली एक राखाडी मांजर राहायचं. एक कान फाटका, माणूस दिसला की पसार. त्याला कोणी कधी हात लावलेला नव्हता आणि ते कोणाला लावूही देत नव्हतं. दुपारी खळ्यावर कोणी नाही असं बघून ते उडी मारायचं, एक बोंबील तोंडात धरून होडीखाली जायचं. दुसरा बोंबील पलीकडे वाळूत पडायचा. तिथे मुकादम बसलेला असायचा. तो योगायोगाने तिथे असायचा असं मी पहिले दोन महिने समजत होतो. मांजराला बघून मुकादम कधी भुंकला नाही. भुंकेल कशाला?

२०१८ सालची संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. भर दुपारी मांजराने उडी मारली आणि सोनूबाई दारातून बाहेर आली. तिने खाली वाकून दगड उचलला, नेम धरला आणि मारला. मांजर हवेतच वाकडं झालं आणि पडलं. उठायला गेलं तर मागचा डावा पाय लोळत होता. ते तसंच फरफटत होडीकडे निघालं.

सोनूबाईने इकडेतिकडे पाहिलं. मी पेपर वर केला. वरच्या कडेवरून मला दिसत होती ती. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग घरात गेली, मासळीची मोठी टोपली घेऊन आली, मांजरावर पालथी घातली, खाली पत्रा सरकवला आणि टोपली-पत्र्यासकट मांजर घरात नेलं. टोपली उलटू नये म्हणून वर वजन ठेवायला परत येऊन तिने तोच दगड नेला. हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. तिथे दुसरे दगड भरपूर होते.

तिने बांबूची कामटी तासून त्या पायाला बांधली, जाळं विणायच्या सुताने. हातावर ओरखडे इतके, की चार दिवस ती मासळी धुवायला किंजलला बसवत होती.

"मोटारसायकलने उडवलं," दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं. "गुजरातची गाडी. थांबला पन नाय मेला."

आमच्याकडे अपघात झाला की गाडी गुजरातचीच असते, त्यामुळे कोणी फार चौकशी केली नाही. तिसऱ्या दिवशी त्या गाडीला लाल रंग आला. चौथ्या दिवशी मागे एक माणूस बसला. आठवड्याने तो माणूस हसत होता. मी ऐकत होतो आणि मान डोलवत होतो. बोलावंसं वाटलं होतं, नाही असं नाही. पण सोनूबाईला तोंडावर खोटी म्हणायचं तर आधी पेपर खाली ठेवावा लागला असता, आणि सहा महिने मी खळ्याकडे बघत बसतो हेही सांगावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात बोंबील संरक्षण समितीची सभा झाली. समितीचे अध्यक्ष रामू, सोनूबाईचे चुलत दीर. त्यांच्या दोन बोटी आहेत आणि प्रविण त्यांपैकी एकीवर जातो. पुष्पा ही महिला प्रतिनिधी. ती फारशी बोलत नाही असा समज होता, म्हणून तिला घेतलं. मी सचिव, कारण मला लिहिता येतं आणि मला दुसरं काम नाही.

पहिला विषय मोटारसायकलचा. एका मुक्या जनावराचा पाय मोडला, उद्या पोरांचे मोडतील, म्हणून पाड्याच्या वाटेवर गतिरोधक बांधायचं ठरलं. रामूभाऊंनी दोन मिनिटं मुक्या जनावरांवर भाषण केलं. पुष्पाने डोळे पुसले. मी वहीत लिहिलं: 'गुजरात पासिंगच्या लाल मोटारसायकलने मांजर जखमी.' हे लिहिताना मी लाल रंगही घातला. कचेरीची सवय.

दुसरा विषय बोंबलाच्या चोरीचा. कावळे नेतात, उंदीर नेतात, बगळे नेतात, दव पडलं तर सगळंच जातं. पण कावळ्यांवर समितीचा इलाज चालत नाही आणि दवावर तर नाहीच. म्हणून पाड्यातली सगळी बेवारशी मांजरं पोत्यात घालून टेम्पोने दूर सोडावीत असा ठराव आला. तेच रामूभाऊ, तीच सभा, मधे फक्त चहा झाला होता.

"वेवजीला सोडू," रामूभाऊ म्हणाले. "तिथून गुजरात लागतं. पुढचं त्यांचं ते बघतील."

"वेवजी आपल्याच जिल्ह्यात आहे," मी म्हणालो. तलासरीत सव्वीस वर्षं काढली, तेवढं तरी मला बोलणं भाग होतं.

"असू दे. कडेला आहे."

सोनूबाई दारात उभी होती. "माझं मांजार धरून?" तिने विचारलं.

"तुझी बायजा घरची. तिचा प्रश्न नाही."

"लंगडं."

"ते तुझं कधी झालं?"

यावर बरीच बोलाचाली झाली. प्रविण मागून "आई, राहू दे," म्हणत होता. बोटीचे धनी समोर बसलेले, आई भांडतेय, तो तरी काय करणार. शेवटी मी मधे पडलो आणि कलम तीन लिहिलं. भांडण मिटवायला कलम लिहिणं हा एकच उपाय मला येतो. 'जे मांजर घरात राहते व घरातील इतर पाळीव जनावरांसोबत तंटा न करता नांदते, ते पाळीव समजावे.' होळीच्या दिवशी सकाळी समिती येऊन बघेल. तोवर सहा आठवडे मुदत.

सोनूबाई परतताना माझ्या ओट्याशी थांबली. "चांगल्या पायाची मांजरं सोडली तर चालत येतील परत. हे कसं येल रे, दिपक? पहिल्याच वाडीत कुत्री फाडतील त्याला."

मी पेपर चाळायला लागलो. मग तीच म्हणाली, "मोटारसायकलवाल्याला काय त्याचं."

पहिली पाच मांजरं त्याच आठवड्यात गेली. टेम्पोवाल्याने डिझेल वाचवायला ती वेवजीऐवजी जवळच, कैनाडला सोडली. नऊ दिवसांत चार परत आली, त्यातली एक अंगाने भरलेली. पाचवं आलं नाही. ते जरा म्हातारं होतं. त्या दिवसापासून सोनूबाईने कंबर कसली.

आमच्याकडे नवीन जनावर घरात आणलं की चुलीभोवती तीन वेळा फिरवतात, म्हणजे ते घर सोडत नाही. कोंबडीपासून म्हशीपर्यंत सगळ्यांना हाच नियम. सोनूबाईच्या घरातली चूल दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेली. आता काय करायचं? तिने प्रविणला सिलिंडर भिंतीपासून ओढायला लावला आणि टोपलीसकट मांजर सिलिंडरभोवती तीन वेळा फिरवलं. मांजर आतून फिस्कारत होतं, मुकादम बाहेरून भुंकत होता, बायजा फ्रिजवर चढून माशांच्या टाकीमागे गेली आणि तीन दिवस खाली उतरली नाही. किंजल कपाळाला हात लावून बसली होती.

विधी मात्र लागू पडला. टोपली काढल्यावर मांजर सिलिंडर आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन बसलं आणि तिथेच राहायला लागलं. घराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ते सिलिंडरचं झालं. सोनूबाईने त्याला तिथे एक गोणपाट टाकून दिलं. आठवड्याने गॅस संपला, गॅसवाला शुक्रा नवा सिलिंडर ठेवून जुना घेऊन गेला, आणि मांजराने जो सूर लावला तो मला रस्त्यापलीकडे ऐकू येत होता. ते जाळ्यांच्या ढिगात शिरलं आणि दोन दिवस काही खाईना. सोनूबाई शुक्राच्या मागे पुढच्या गल्लीपर्यंत धावली होती, आमचा सिलिंडर परत दे म्हणून. शुक्रा म्हणाला, काकी, तो रिकामा हाय. ती म्हणाली, मला भरलेला नको, तोच पायजे. शुक्राने त्या दिवसापासून आमच्या पाड्यात शिरताना टेम्पोचा आवाज कमी केला.

अखेर किंजलने सासूला बाजूला सारलं. मोबाइलवर कुठल्याशा बाई मांजरांबद्दल सांगतात, ते ती रोज बघत होती.

"जुओ ने, बघा ना मम्मी, या बेन काय सांगतात. वास पायजे. त्याला आपला वास वळखीचा पायजे." तिने मांजराचं जुनं गोणपाट घेतलं आणि नव्या सिलिंडरला वरून खालपर्यंत घासलं. संध्याकाळी मांजर पुन्हा भिंतीशी.

मग त्याच बाईंच्या सांगण्यावरून तिने मांजराच्या अंगाला पुसलेलं फडकं बायजाच्या बिछान्यात ठेवलं, म्हणजे बायजाला नवीन वासाची सवय होईल. बायजा त्याच्यावर चढून ढाराढूर झोपली. तिला काही वेगळं जाणवलंच नाही. त्या घरात मांजर, कुत्रा, कोंबडी, गोणपाट, प्रविणचा शर्ट, सगळ्यांना एकच वास आहे, आणि तो बोंबलाचा आहे. व्हिडिओतल्या बाईंच्या घरी मासळी सुकवत नसावेत.

पण किंजल चिकाटीची. जाळ्यांच्या खोलीत तिने लंगड्याची सोय केली आणि दार लावलं. दाराच्या आत लंगड्याची ताटली, बाहेर बायजाची. जमिनीवर खडूने रेघा मारल्या. रोज दोन्ही ताटल्या एकेक रेघ दाराच्या जवळ सरकवायच्या.

"दार लावून जेवायला घालायचं?" सोनूबाई म्हणाली. "पावना हाय की कैदी?"

"थोडे दिवस, मम्मी. घाई नाय करायची. ते भिलेलं हाय."

'भिलेलं' म्हटल्यावर सोनूबाईने तिच्या हातातला खडू घेतला. त्या दिवसापासून ती स्वतः बसायला लागली. मी ओट्यावरून बघायचो. साठीला आलेली, पाड्यात कोणाला ऐकून न घेणारी बाई, बंद दारासमोर मांडी घालून, ताटली दोन बोटं पुढे सरकवून, आतून खाण्याचा आवाज येतो का ते कान लावून ऐकत होती. आवाज आला की पदराने तोंड पुसायची. बाराव्या दिवशी दार हातभर उघडलं. बायजाने लंगड्याकडे पाहिलं, लंगड्याने बायजाकडे, आणि दोघांनी ताटलीत तोंड घातलं. कोंबडीचा निकाल त्याआधीच लागला होता. तिने पहिल्याच भेटीत त्याच्या नाकावर चोच मारली, त्यानंतर तो तिला रस्ता द्यायला लागला. टाकीतल्या माशांसमोर तो तासन् तास बसायचा, पण हात लावला नाही. मासा वाळलेला नसतो हे त्याला पटलेलं नसावं.

राहिला मुकादम. लंगडा दिसला की तो घर डोक्यावर घ्यायचा. किंजलची फडकी झाली, रेघा झाल्या, सोनूबाईने लंगड्याच्या अंगावरून ओवाळून मीठ टाकलं, कशाचा उपयोग नाही. होळीला आठ दिवस राहिले. कलम तीन मुकादमपाशी अडलं.

मला कारण ठाऊक होतं. लंगड्याने काम सोडल्यापासून मुकादमला बोंबील मिळाला नव्हता. तो रोज दुपारी खळ्यावर ठरलेल्या जागी जाऊन बसायचा, वर बघायचा, आणि जोड्या तशाच लोंबत राहायच्या. त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. घरी यावं तर हा पठ्ठ्या गोणपाटावर आरामात. राग येणारच.

पण हे सांगायचं कसं? सांगितलं असतं तर मी त्या दुपारी काय काय पाहिलं हेही निघालं असतं.

"सोनू," मी शेवटी म्हणालो, "घरात एक दोरी बांध. खाली, हातभर उंच. बोंबलाची एक जोडी टाक."

"कशाला?"

"सवयीचं काहीतरी दिसू दे त्यांना."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण बांधली. लंगडा सिलिंडरमागून बाहेर आला. मागच्या एका पायावर तोल सांभाळत उभा राहिला आणि बोंबील ओढला. दुसरा पलीकडे पडला. भुंकता भुंकता मुकादम थांबला. घासासाठी त्याला जागचं हलावंही लागलं नाही, बोंबील त्याच्या पायाशीच पडला होता. खाऊन झाल्यावर त्याने लंगड्याचं डोकं चाटलं.

इतके दिवस आपले बोंबील कोण खात होतं हे सोनूबाईच्या त्या क्षणी लक्षात आलं. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिने पाड्यात सांगितलं, "आमचं मांजार इतकं मायाळू, कुत्र्याला आधी खायला घालतं."

होळीच्या दिवशी सकाळी समिती आली. रामूभाऊ, पुष्पा आणि मी वही घेऊन. रामूभाऊंच्या काखेत रिकामं पोतं होतं, गतिरोधकाच्या सिमेंटचं. सोनूबाईने जमीन सारवल्यासारखी पुसून काढली होती. बायजा खिडकीत, कोंबडी दारात, मासे पाण्यात. मुकादम आणि लंगडा एकाच गोणपाटावर, पाठीला पाठ लावून. पुष्पा म्हणाली, असं तर आमच्या घरात माणसं बसत नाहीत.

इथेच समितीने उठायला हवं होतं. पण सोनूबाईला राहवेना. तिने दोरीवर जोडी टाकली.

लंगडा उठला, ओढला, दुसरा पडला, मुकादमने झेलला. आठ दिवसांत सफाई आली होती. सोनूबाईने अभिमानाने समितीकडे पाहिलं.

रामूभाऊ दोरीकडे बघत होते. त्यांचा जन्म बोंबलात गेलाय. "अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे खळ्यावरून जोड्याच्या जोड्या जायच्या त्या अशा."

सोनूबाईचा चेहरा उतरला. पुष्पा हसली आणि हसू दाबायला तिने खोकला काढला.

"कुत्रा तुझा. त्याचं तू बघ," रामूभाऊ म्हणाले. "हे मांजर पक्कं चोर आहे. आणि वहिनी, हे तुझं नाही. होडीखालचं आहे, सगळा पाडा ओळखतो. सहा आठवडे जेवण घातलं म्हणून घरचं होत नाही. माझ्या बोटीवर पण लोक जेवतात." त्यांनी पोतं झटकून उघडलं. "तुझं कशावरून, ते सांग."

"आई, राहू दे," दारातून प्रविण म्हणाला. "काकांच्या तोंडी लागू नको."

"त्या मोटारसायकलवाल्याने..." सोनूबाईने सुरुवात केली.

पोत्याचा आवाज ऐकून लंगडा उठला होता. तो घाईने सिलिंडरकडे निघाला, पण घाई केली की तो वाकडा पाय त्याच्या आड येतो. दोन पावलांवर तो पडला. उठला, परत पडला. सोनूबाई ते बघत होती आणि तिचं वाक्य तसंच राहिलं.

"मोटारसायकल नव्हती, भावजी," ती म्हणाली. "दगड मी मारला. नेम धरून मारला. मरावं म्हणूनच मारला, पायावर बसला." तिचा आवाज बारीक झाला होता. हा आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. "चार पायांचं होतं तवर बाहेरचं होतं. आता तीन पायांचं हाय. ते माझंच हाय. दुसऱ्या कोनाचं असनार?"

किंजलने डोळ्याला ओढणी लावली. रामूभाऊ हातातल्या पोत्याकडे बघत राहिले. मुक्या जनावरांवरचं भाषण त्यांना आठवत असावं, किंवा तो सिमेंटचा खर्च.

"दिपक, हे कलमात बसतं का?" त्यांनी विचारलं.

कलमात यातलं एक अक्षरही नव्हतं. "बसतं," मी म्हणालो.

"मग लिहा. आणि साक्षीदार कोण? उद्या कोणी म्हणेल, मांजर ठेवायला बाईने नवीनच काढलं."

सव्वीस वर्षं मी लोकांच्या अर्जावर 'साक्षीदाराची सही' या रेघेवर बोट ठेवून सही घेतली. तिथे स्वतः कधी सही केली नव्हती. मला त्या बाईचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज वाटत होती, आणि दोन्ही एकदम वाटत असताना मी पेनाचं टोपण काढलं.

"मी," मी म्हणालो. "मी पाहिलं."

सोनूबाई वळली. "तू बघत व्हतास?"

"पेपरच्या वरून."

"आनि एवढे दिवस बोलला नाहीस?"

"तूही बोलत नव्हतीस."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाटलं, आता काहीतरी फेकून मारते. हाताशी तो दगडही होता. टोपलीवरून काढल्यावर तिने तो दाराला टेकण म्हणून ठेवला होता.

"लिही मग," ती म्हणाली. "खाडाखोड नको करू. नवीन पानावर लिही."

मी नवीन पानावर लिहिलं. लाल मोटारसायकलीचं पान मात्र वहीत तसंच राहिलं, कारण समितीच्या वहीतलं पान फाडता येत नाही. रामूभाऊंनी पोतं घडी करून काखेत घातलं. पुढे त्यांनी ते आपल्या दारात पाय पुसायला टाकलेलं मी पाहिलं. त्या वर्षी मांजरांचा टेम्पो परत निघाला नाही. ठराव रद्दही झाला नाही, तो आहेच.

सोनूबाई त्यानंतर बदलली वगैरे काही नाही. वाऱ्याचा दोष, पातेल्याचा दोष चालूच आहे. फक्त कावळ्यांना ती आता टाळ्या वाजवून हाकलते.

वाटेवरचा गतिरोधक अजून आहे. ज्या मोटारसायकलीसाठी तो बांधला ती कधी आलीच नव्हती, हे पाड्यात फक्त आम्हा सहा जणांना माहीत आहे, आणि माझी स्कूटर संध्याकाळी त्यावर रोज आपटते. सकाळचं ऊन पहिल्यांदा तिथेच पडतं, म्हणून लंगडा त्याच्यावर पसरलेला असतो. हॉर्न दिला तरी तो उठत नाही. मी उतरतो, स्कूटर बंद करतो आणि त्याच्या कडेने ढकलत नेतो.